पहिलं वाक्य काय बोलायचं?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही एका जिल्ह्यात उपनिरीक्षक आहात. ११२ च्या गाड्यांवरचे अंमलदार, १०८ रुग्णवाहिकेचे डॉक्टर आणि पायलट म्हणजे चालक, नगरपालिकेच्या अग्निशमन दलाची माणसं अशा साधारण साठ जणांसाठी मानसिक आणीबाणीवर एक दिवसाचं प्रशिक्षण घ्यायचं काम तुमच्याकडे आलंय. मानसोपचारतज्ज्ञांचं व्याख्यान आणि पीपीटी ठेवली तर पुरेल का, आणि समोरचा माणूस खरंच मनोरुग्ण आहे की दारू प्यायलाय हे अंमलदाराला ओळखायला कसं शिकवायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात सामाजिक कार्यकर्ती म्हणून अठरा वर्षं काम करतेय. त्यातली बारा वर्षं पोलीस आणि रुग्णवाहिकेच्या लोकांची अशी प्रशिक्षणं घेतेय. आधी थेट उत्तर देते: व्याख्यान पुरणार नाही. आणि ओळखायला शिकवणं हा या प्रशिक्षणाचा गाभाच नाही. अंमलदाराने निदान करायचं नसतं. पहिली दहा-पंधरा मिनिटं कुणालाही इजा न होता काढायची, आणि त्यानंतर त्या माणसाला योग्य दारापर्यंत पोचवायचं, एवढंच त्याचं काम. यातला दुसरा भाग तुमच्या प्रश्नात आलेला नाही. माझ्या अनुभवात प्रशिक्षणं फसतात ती तिथेच.

काही गोष्टी तुमच्या जिल्ह्यावर अवलंबून आहेत, त्या मी इथे बसून सांगू शकत नाही. सिव्हिलमध्ये मानसोपचारतज्ज्ञ आहे की पद रिकामं आहे? तालुक्याच्या गावाहून सिव्हिल वीस किलोमीटरवर आहे की नव्वद? ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी तुम्हाला जवळचं कोणतं? रात्री गाडीवर किती जण असतात, त्यात महिला अंमलदार असते का? या उत्तरांप्रमाणे तुमचा दिवस बदलेल. पण काही गोष्टी कुठेही बदलत नाहीत, त्या सांगते.

सुरुवातीची तीन वर्षं मीही व्याख्यानच द्यायचे. सिझोफ्रेनिया म्हणजे काय, उन्माद म्हणजे काय, नैराश्याची लक्षणं. लोक वहीत लिहून घ्यायचे. एका कार्यक्रमानंतर एक हवालदार थांबले. नोकरीची शेवटची दोन वर्षं राहिलेली. म्हणाले, "मॅडम, सिझोफ्रेनिया कळला. पण पोरगा टाकीवर चढलेला असतो, खाली त्याची आई रडत असते, तेव्हा मी पहिलं वाक्य काय बोलायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. लक्षणांची यादी होती, वाक्य नव्हतं. त्यानंतर मी सगळं प्रशिक्षण त्या एका प्रश्नाभोवती नव्याने बांधलं. तुमचंही त्याच्याच भोवती बांधा.

आता ती पहिली मिनिटं. खरं तर ती माणसासमोर उभं राहण्याच्या आधीच सुरू होतात. सायरन दोन गल्ल्या आधी बंद करायचा. उतरल्यावर दोघांची कामं वाटून घ्यायची: एकाने बोलायचं, दुसऱ्याने गर्दी मागे सारायची आणि मोबाइलवर शूटिंग करणाऱ्यांना बाजूला करायचं. गर्दीतून कुणीतरी "मार की उडी" म्हणतोच, आणि त्या एका आवाजाने अर्ध्या तासाची मेहनत वाया जाते. बोलणारा एकच हवा, हे मी दिवसभरात वीस वेळा तरी सांगते. प्रत्यक्षात काय होतं? पोलीस, भाऊ, सरपंच, शेजारी सगळे एकदमच समजावायला लागतात. घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात आधीच गोंगाट चालू असतो, त्यात आपण भर घालतो.

बोलणाऱ्याने दोन-तीन हात अंतर ठेवायचं. शस्त्र असेल तर त्याहून बरंच जास्त. हात दिसतील असे मोकळे, काठी गाडीत किंवा जोडीदाराकडे. आवाज नेहमीपेक्षा खालचा. आणि पहिलं वाक्य: "माझं नाव अमुक. मी पोलिसात आहे. तुम्हाला पकडायला आलेलो नाही, काय झालंय ते ऐकायला आलोय. तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" एवढंच. नाव कळलं की दर दुसऱ्या वाक्यात नाव घ्यायचं. दादा, काका, मावशी, जे तोंडात बसेल ते. 'ए' आणि 'तू' नको.

समोरचा म्हणाला, "टीव्हीतून माझ्यावर पाळत ठेवतायत," तर काय करायचं? वाद घातला की तुम्ही शत्रूच्या बाजूचे ठरता. हो ला हो केलं तर ते खोटं, आणि त्याची भीती त्याने दुप्पट होते. मी शिकवते ते वाक्य असं: "मला ते दिसत नाहीये, पण तुम्हाला फार भीती वाटतेय हे दिसतंय. रात्री झोप झाली का?" भीतीला उत्तर द्यायचं, कल्पनेला नाही. झोप, पाणी, भूक यांवर बोलता येतं, आणि तीन रात्री न झोपलेला माणूस त्यावर बोलतोही. घरचे म्हणतील, "बाहेरचं आहे, देवऋष्याकडे नेलं होतं." तिथे त्यांची चेष्टा नको आणि भाषणही नको. "ते बघू नंतर, आधी डॉक्टरांना दाखवू" म्हणून पुढे सरकायचं.

जीव द्यायला निघालेल्या माणसाशी बोलताना अंमलदार एक शब्द टाळतात: आत्महत्या. विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं घालू, अशी भीती. तसं होत नाही, हे पुरेसं अभ्यासलं गेलंय. उलट सरळ विचारलं की बहुतेक माणसं सुटल्यासारखी बोलू लागतात. "तुमच्या मनात जीव द्यायचा विचार आहे का?" असं स्वच्छ विचारायचं. उत्तर आलं की गप्प राहायचं, ऐकायचं. "लेकरांचा विचार कर", "आईवडिलांच्या तोंडाला काळं फासतोस का" ही वाक्यं आपल्याकडे सगळ्यांत जास्त बोलली जातात आणि सगळ्यांत घातक आहेत. त्या माणसाला आधीच वाटत असतं की आपण घरच्यांवर ओझं झालोय. लेकरांचं नाव घेऊन आपण त्याच जखमेवर बोट ठेवतो. त्याऐवजी "आज काय झालं?" विचारा. आयुष्याचा हिशेब नको, आजचा दिवस हवा. आणि वचन देताना सांभाळा. "तुझं कर्ज माफ करून देतो" म्हणून खाली उतरवलेला माणूस पुढच्या वेळी कुणाचंच ऐकत नाही.

कुणाच्या हातात कोयता असेल तर वरचं सगळं खरं असलं तरी आधी अंतर, आधी आडोसा, आधी जादा कुमक. बोलणं चालूच ठेवायचं, पण झडप घालायची घाई नको. वेळ बहुतेकदा आपल्या बाजूने असते. माणूस थकतो.

शब्द सांगायला सोपे आहेत, तोंडातून निघायला अवघड. म्हणून अर्धा दिवस फक्त प्रसंग उभे करून घ्या. मी एकाला खुर्चीवर 'गच्चीवर' उभं करते, दुसऱ्याला बोलायला लावते आणि घड्याळ लावते. बोलणाऱ्याला प्रश्न विचारून दहा सेकंद गप्प बसायचं असतं. पंचवीस जणांपैकी पहिल्या खेपेला तिघा-चौघांना जमतं. बाकीचे चौथ्या सेकंदाला सल्ला द्यायला लागतात. तिसऱ्या खेपेला निम्म्यांना जमतं. हा फरक पीपीटीने पडत नाही.

आता दारूडा की मनोरुग्ण. हा प्रश्न मी थोडा फिरवते, कारण यात तिसरी शक्यता सुटते आणि माणसं त्याच शक्यतेने मरतात: समोरच्याला शारीरिक आजार असू शकतो. मागे एका एसटी स्टँडवर एक गृहस्थ झोकांड्या खात होते, शिव्या देत होते, शर्ट फाडला होता. तोंडाला वास नव्हता, पण ते कुणी पाहिलं नाही. दोन तास बाकड्यावर बसवून ठेवलं. शेवटी रुग्णवाहिकेच्या डॉक्टरांनी बोटातून रक्त घेतलं तर साखर बत्तीस. इन्सुलिन घेतलं होतं आणि जेवले नव्हते. सलाइनमधून ग्लुकोज गेल्यावर काही मिनिटांत ते हात जोडून विचारत होते, मी कुठे आहे. उशीर झाला असता तर मेंदूला कायमची इजा झाली असती.

म्हणून माझ्या प्रशिक्षणात १०८ च्या माणसांसाठी नियम एकच: विचित्र वागणाऱ्या प्रत्येक माणसाची साखर, नाडी, ताप, श्वास आणि डोक्यावरची जखम पाहायची. अंगाला हात लावू देत असेल तर लगेच, नसेल तर देईल तेव्हा पहिल्यांदा हेच. अंमलदारांसाठी नियम असा: हे काल-आजच अचानक सुरू झालं असेल, माणूस साठीच्या पुढचा असेल, आज वार कोणता हे सांगता येत नसेल, अंग तापलं असेल किंवा मधूनच गुंगी येत असेल, तर ते डोकं फिरणं समजू नका, थेट कॅज्युअल्टी, म्हणजे दवाखान्याचा तातडीचा विभाग. वेड सहसा साठाव्या वर्षी एका रात्रीत लागत नाही. मूत्रमार्गातल्या जंतुसंसर्गाने, रक्तातलं सोडियम उतरल्याने, डोक्यात रक्तस्राव झाल्याने असं होतं.

दुसरा धोका तुमच्या कोठडीत असतो. रोज पिणारा माणूस आत आला की दारू तुटते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, भिंतीवर किडे दिसतात, फिट येऊ शकते. हवालदाराला वाटतं नाटक करतोय. ते नाटक नसतं, उपचार नाही मिळाले तर त्यात माणूस जातो. हे एकच वाक्य प्रत्येक ठाणे अंमलदाराला पाठ झालं तरी तुमचं प्रशिक्षण सार्थकी लागलं असं मी म्हणेन.

आवरावंच लागलं तर? कधी कधी लागतं, आणि ते नाकारून उपयोग नाही. पण पालथं पाडून पाठीवर गुडघा ठेवायचा नाही, छातीवर बसायचं नाही, मान दाबायची नाही. बराच वेळ झटापट केलेल्या माणसाला भरपूर श्वासाची गरज असते आणि नेमका तोच आपण अडवतो. शक्य तितक्या लवकर कुशीवर वळवायचं किंवा बसवायचं. आणि धडपडणारा माणूस एकाएकी शांत झाला की "झाला शांत" म्हणून सुस्कारा सोडू नका, श्वास चालू आहे का ते आधी बघा. विदर्भ-मराठवाड्यात फवारणीच्या औषधाचाही विचार ठेवा. "थोडंच घेतलं" म्हणणाऱ्यालाही दवाखान्यातच न्यायचं, मिठाचं पाणी पाजून उलट्या काढायच्या नाहीत, डबा सोबत न्यायचा.

इथवरचं थोडक्यात असं: निदान नको, एकच आवाज, घाई नको, शरीर आधी तपासा. आता कायदा. तुमच्या लोकांच्या मनात "उगाच आपल्या अंगावर येईल" ही भीती असते आणि ती कायदा माहीत नसल्याने वाढते.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ पासून. त्याचं कलम १०० पोलिसांसाठीच आहे. आपल्या हद्दीत भटकणारी, मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती, किंवा आजारामुळे स्वतःला वा इतरांना धोका ठरणारी व्यक्ती यांना संरक्षणात घेणं हे ठाणे प्रमुखाचं कर्तव्य आहे. संरक्षण म्हणजे अटक नव्हे. का घेतलंय ते त्या व्यक्तीला किंवा तिच्या वतीने निर्णय घेणाऱ्या नामनिर्देशित प्रतिनिधीला सांगायचं. जास्तीत जास्त चोवीस तासांत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीसाठी न्यायचं. कोणत्याही परिस्थितीत लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून कुटुंबाचा शोध घ्यायचा. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यावर तपासणीची जबाबदारी आहे, म्हणजे "आमच्याकडे सायकियाट्रिस्ट नाही, घेऊन जा" हे उत्तर चालत नाही. घरात कोंडून, साखळीने बांधून ठेवलेल्या व्यक्तीची माहिती मिळाली तर कलम १०१ प्रमाणे मॅजिस्ट्रेटला कळवायचं असतं.

१०८ च्या डॉक्टरांसाठी कलम ९४ वाचून दाखवा. जीव जाण्याचा, स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा होण्याचा धोका असेल तर नोंदणीकृत डॉक्टर आणीबाणीचे उपचार देऊ शकतात आणि रुग्णाला मानसिक आरोग्य संस्थेपर्यंत नेऊ शकतात. ही मुभा तपासणी होईपर्यंत, किंवा जास्तीत जास्त बहात्तर तासांपर्यंत असते. प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची.

आत्महत्येच्या प्रयत्नाबाबत जुन्या अंमलदारांच्या डोक्यात अजून ३०९ आहे, म्हणजे आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ ने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरायला सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ सारखं सर्वसाधारण कलम नाही. कलम २२६ आहे, पण ते सरकारी नोकराला काही करायला भाग पाडण्यासाठी किंवा रोखण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं. तुम्ही लगेच विचाराल की मागणीसाठी पाण्याच्या टाकीवर चढणाऱ्यांचं काय. माझं मत असं की टाकीखाली उभं असताना हा प्रश्न मनात आणूच नये. मागणीसाठी चढलेला माणूसही घसरतो, आणि मागणीमागे खरी हताशा असू शकते. आधी उतरवा, तपासणी होऊ द्या, कलमाचा विचार ठाण्यात बसून करा.

आता त्या न विचारलेल्या प्रश्नाकडे येते: माणसाला योग्य दारापर्यंत पोचवायचं कसं? अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १९८७ साली हातात सुरी घेऊन स्वतःला जखमा करणाऱ्या एका तरुणाला पोलिसांनी गोळ्या घातल्या, तो गेला. लोक खवळले, आणि १९८८ मध्ये पोलीस, रुग्णांच्या कुटुंबीयांची संघटना आणि तिथली विद्यापीठं यांनी मिळून एक पद्धत उभी केली. तिला आज जगभर मेम्फिस मॉडेल म्हणतात. त्यातलं ४० तासांचं प्रशिक्षण सगळ्यांना माहीत आहे. त्यासोबतच्या तीन गोष्टींकडे कमी लक्ष जातं. हे काम स्वेच्छेने पुढे आलेल्या अधिकाऱ्यांना दिलं. फोन घेणाऱ्या नियंत्रण कक्षालाही शिकवलं. आणि पोलिसांनी आणलेल्या माणसाला परत न पाठवणारं, अधिकाऱ्याला लवकर मोकळं करणारं एक ठिकाण ठरवून ठेवलं. नंतरच्या अभ्यासांत पोलिसांचं ज्ञान आणि दृष्टिकोन सुधारल्याचं सातत्याने दिसतं. बळाचा वापर आणि जखमा कमी झाल्या का, यावर निष्कर्ष संमिश्र आहेत. मला यात आश्चर्य वाटत नाही. दार उघडं नसेल तर शिकलेला माणूसही दारात अडकतो.

आपल्याकडे काय होतं ते मी पाहिलंय. एका तालुक्यातल्या दोन अंमलदारांनी प्रशिक्षणानंतर महिन्याभरातच एका बाईला, शिकवल्याप्रमाणे अगदी हळुवारपणे, दीड तास बोलून गाडीत बसवलं. रात्री अकराला दवाखान्यात पोचले. तिथे "नातेवाईक कुठेत, एमएलसी (पोलीस केस म्हणून वैद्यकीय नोंद) करा, बेड नाही, मोठ्या ठिकाणी न्या" असं करत पहाटेचे साडेचार झाले. तोवर त्यांच्या हद्दीतले तीन कॉल दुसऱ्या गाडीला द्यावे लागले आणि सकाळी साहेबांनी त्यांनाच झापलं. पुढच्या वेळी तेच दोघं अशा कॉलवर गेले आणि घरच्यांना "सकाळी घेऊन जा तुम्हीच" सांगून परतले. त्यांना दोष देणं मला जमत नाही. मी त्यांना शिकवलं होतं, पण दार उघडून ठेवलं नव्हतं. तेव्हापासून आधी दवाखान्याशी बैठक झाल्याशिवाय मी प्रशिक्षणाची तारीख देत नाही.

तुम्हीही तेच करा. जिल्हा शल्यचिकित्सक, मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर, १०८ चे जिल्हा व्यवस्थापक आणि तुमचे उपअधीक्षक एका टेबलाशी बसू देत. ठरवायचं एवढंच: रात्री आणलं तर कॅज्युअल्टीत कोण बघणार, पोलिसांना किती वेळात मोकळं करणार, तज्ज्ञ नसेल तर फोनवर कोण सल्ला देणार, पुढे पाठवायचं झालं तर गाडी कुणाची, आणि बाई असेल तर सोबत महिला अंमलदार कुठून येणार. हे एका पानावर उतरवा, खाली सह्या घ्या, त्याची प्रत प्रत्येक ठाण्यात अंमलदाराच्या टेबलावर काचेखाली ठेवा. त्यावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही ठळक लिहा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जागेवर येऊन कुणाला उचलणारी ती सेवा नव्हे, पण घरच्यांना आणि अंमलदारालाही आधार होतो.

आणि तो एक दिवस कसा वापरायचा? साठ जण एकदम नकोत, वीस-पंचवीसचे गट करा. पोलीस, १०८ आणि अग्निशमन एकत्र बसू देत, कारण रात्री तेच एकत्र भेटणार आहेत. एका दिवसाऐवजी दोन अर्धे दिवस मिळाले तर फार बरं, मध्ये दोन-तीन महिने जाऊ द्यावेत. दुसऱ्या वेळी लोक स्वतःच्या केसेस घेऊन येतात आणि खरं शिक्षण तेव्हा होतं. ११२ चे कॉल घेणाऱ्यांना वगळू नका. हातात काही आहे का, औषधं चालू होती का, झोप किती झाली, घरात आणखी कोण आहे, हे चार प्रश्न त्यांनी विचारले तर गाडी तयारीने पोचते. कायद्याला पाऊण तास पुरे. मानसोपचारतज्ज्ञांना जरूर बोलवा, पण व्याख्यानाला नाही, प्रसंगांवर बोलायला.

एक तास मात्र बरा झालेल्या रुग्णाला द्या, सोबत त्याची आई किंवा बायको असली तर उत्तम. आमच्याकडे एक रिक्षावाले दादा येतात. दहा वर्षांपूर्वी पोलिसांनी त्यांना दोरीने बांधून आणलं होतं. ते सांगतात, "चौघांनी धरलं ते आठवत नाही. गाडीत एकाने पाणी पाजलं, ते आठवतंय." हॉलमध्ये त्यानंतर कुणी मोबाइल बघत नाही.

तुमच्या लोकांच्या स्वतःच्या मनाचा विषय त्याच दिवशी उरकू नका. गळफासातून देह उतरवणाऱ्या, जळालेली पोरं उचलणाऱ्या माणसांना बोलायला जागा लागते, पण साहेब समोर बसलेले असताना कुणी बोलत नाही. ते वेगळं, लहान गटात, वरिष्ठांशिवाय करा. शासनाने पोलिसांसह अधिकाऱ्यांना ठरावीक काळाने असं प्रशिक्षण द्यावं हे मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ३० मध्ये आहे. वरून मंजुरी घेताना त्याचा उल्लेख करा, उपयोग होतो.

तारीख पक्की करण्याआधी एक करा. एखाद्या रात्री अकराच्या सुमारास साध्या कपड्यात सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत जा आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांना विचारा, "आत्ता मी असा एक माणूस आणला तर तुम्ही काय कराल?" जे उत्तर मिळेल ते जसंच्या तसं मला कळवा. तुमच्या दिवसाची आखणी आपण तिथून सुरू करू.